मिनीबाइकचा सायलेन्सर घरी बनवताना

पाण्याच्या पंपावरचे किंवा पॉवर वीडरवरचे इंजिन उतरवून मिनीबाइकच्या चौकटीत बसवले, की पहिली अडचण सायलेन्सरची येते. मूळ डबा इंजिनाच्या डोक्याजवळ, पेट्रोलच्या टाकीला लागून बसवलेला असतो. पंप बांधावर ठेवून चालवायचा असतो तेव्हा ती जागा योग्यच असते. पण चौकटीत तोच डबा स्वाराच्या मांडीशी येतो, सीटच्या पट्टीला अडतो आणि त्यातून निघणारा गरम धूर पायावर येतो. मग पुष्कळ जण डबा काढून टाकतात आणि हाताला लागेल तो नळीचा तुकडा जोडून मोकळे होतात. तसे करू नये. नीट बेतलेली, घट्ट बसलेली आणि शांत चालणारी नळी दोन सुट्ट्यांच्या दिवसांत घरी तयार होऊ शकते, आणि ती कशी करायची हे मी मिरजेत पुतण्याबरोबर केलेल्या तीन नळ्यांच्या अनुभवावरून येथे सविस्तर सांगत आहे.

सांगली, मिरज आणि कुपवाड या पट्ट्यात अशा कामाला लागणारे सगळे जवळपास मिळते. औद्योगिक वसाहतींमुळे लेथवाले आणि वेल्डर गल्लोगल्ली आहेत, साखर कारखाने आणि दूध प्रकल्पांचे भंगार येत असते, आणि शेतीच्या अवजारांमुळे छोट्या पेट्रोल इंजिनांची ओळख गावागावांत आहे. ज्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेथे लोखंडाचे काम परके वाटण्याचे कारण नाही.

मी येथे होंडाच्या जीएक्स २०० धाटणीचे १९६ सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन गृहीत धरले आहे. याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५४ मिमी असतो. १६३ सीसीच्या लहान भावंडाचा बोअर तोच आणि स्ट्रोक ४५ मिमी असल्यामुळे त्यालाही हेच बेत चालतात. दोन स्ट्रोकच्या इंजिनाची नळी मात्र पूर्णपणे वेगळ्या गणिताने बनते, त्यामुळे हा मजकूर त्याला लागू करू नये.

कामाला हात घालण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट असावी. घरी जुळवलेल्या मिनीबाइकची नोंदणी होत नाही, म्हणून ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. गावातला रस्ता आणि शेताकडे जाणारा डांबरी रस्ता हेही सार्वजनिकच आहेत. ती चालवायची जागा म्हणजे स्वतःचे रान किंवा मालकाच्या परवानगीने मिळालेले खासगी मैदान. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाज व प्रदूषणाची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिल्यास पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतला १२० वा नियम सायलेन्सरची जी व्याख्या करतो, ती मला कामाच्या दृष्टीनेही फार मोलाची वाटते: प्रसरणाच्या कप्प्याने किंवा अन्य मार्गाने, धूर बाहेर पडताना होणारा आवाज शक्य तितका कमी करणारे साधन. आपल्याला नेमके तेच बनवायचे आहे.

लांबीचा प्रश्न

नळीची लांबी ठरवताना 'ट्यूनिंग'चा विषय हमखास निघतो, म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडून टाकू. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून धावत मोकळ्या टोकापर्यंत जाते आणि तेथून उलट्या रूपात, म्हणजे ओढ घेऊन, परत येते. ती व्हॉल्व्ह बंद होण्याच्या सुमारास परतली तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढते. गरम धुरात या लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असतो. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आपोआप मर्यादेत ठेवणारी योजना, जागेवर असताना ही इंजिने मिनिटाला सुमारे ३,६०० फेऱ्यांवर काम करतात, म्हणजे एका फेरीला सेकंदाचा साठावा भाग लागतो. लाटेला फेरीच्या एक तृतीयांश भागात जाऊन परतायचे असेल तर तेवढ्या वेळात ती पावणेतीन मीटरांहून थोडे जास्त अंतर कापते. त्याचा अर्धा भाग म्हणजे नळीची लांबी, आणि ती जवळजवळ १.४ मीटर भरते. एवढी नळी मिनीबाइकच्या सबंध लांबीपेक्षाही मोठी ठरू शकते.

यावरून एवढे ठरते की या फेऱ्यांवर लांबी मोजूनमापून ताकद वाढवण्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही. काही जण यावर उपाय म्हणून गव्हर्नर काढून फेऱ्या वाढवतात. या इंजिनाचे ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील (सतत फिरणारे जड चाक) आणि पिस्टनला जोडलेला साधा कनेक्टिंग रॉड त्या वेगासाठी केलेले नसतात. फ्लायव्हील फुटले तर त्याचे तुकडे स्वाराच्या पायांमधून उडतात. नळीसाठी गव्हर्नरला हात लावू नये, असे मी ठामपणे सांगतो. फ्लँजपासून, म्हणजे नळी इंजिनाच्या तोंडाला जोडणाऱ्या जाड पट्टीपासून, सायलेन्सरपर्यंत ३५ ते ४५ सेंटिमीटर नळी पुरेशी होते आणि बसवायलाही सोपी जाते.

नळी कशाची घ्यावी

इंजिनाच्या तोंडाचा व्यास व्हर्नियरने मोजून, नळीचा आतला व्यास त्यापेक्षा थोडा मोठा घ्यावा. लहान कधीही घेऊ नये. सव्वा इंच बाहेरचा व्यास आणि १.६ मिमी जाडी असलेली काळी एमएस, म्हणजे साध्या लोखंडाची, नळी या कामाला उत्तम. तिचा आतला व्यास सुमारे २८.५ मिमी येतो. टेबल-खुर्च्या बनवणाऱ्यांकडे याच मापाची पण १ मिमी किंवा त्याहून पातळ नळी मिळते; ती स्वस्त असली तरी वेल्डिंग करताना जळून भोके पडतात आणि दोन पावसाळ्यांत गंजून जाते. दूध प्रकल्पातून निघालेली ३०४ जातीच्या स्टेनलेसची नळी मिळाली तर ती गंजणार नाही, पण तिच्यासाठी आर्गॉनचे वेल्डिंग करणारा कारागीर लागतो. शिवाय गरम झाल्यावर ती साध्या लोखंडापेक्षा जवळजवळ दीडपट फुगते, त्यामुळे तिचे आधार अधिक विचारपूर्वक द्यावे लागतात. पहिल्या नळीसाठी साधी काळी नळीच घ्यावी.

जीआय नळी, म्हणजे नळकामाची जस्ताचा मुलामा दिलेली नळी, अजिबात वापरू नये. हे मी अंगावर काढून शिकलो आहे. पहिल्या नळीच्या वेळी घरात पडलेला जीआयचा तुकडा मी वापरायला काढला आणि बंद पडवीत तासभर वेल्डिंग केले. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते, तर वेल्डिंगची ठिणगी त्याहून कितीतरी गरम असते; त्यामुळे मुलाम्याचा पांढरा धूर होऊन तो थेट छातीत जातो. त्या संध्याकाळी तोंडाला पितळी चव आली, रात्री हुडहुडी भरून ताप चढला आणि सगळे अंग ठणकत होते. दुसऱ्या दिवसाअखेर बरे वाटले. मुलामा घासून काढून काम भागते असे सांगणारे भेटतात, पण नळीच्या आतला मुलामा कानसेने निघत नाही. साठ-सत्तर रुपयांच्या बचतीसाठी हा धोका पत्करू नये.

जुन्या मोटरसायकलचा बेंडपाइप भंगारात स्वस्त मिळतो आणि त्याचा बाक तयार असतो, म्हणून तो घ्यायला हरकत नाही. मात्र कापून आधी आत पाहावे. काही बेंडपाइपांत एकात एक दोन नळ्या असतात आणि आतल्या नळीचा व्यास आपल्याला अपुरा पडू शकतो.

फ्लँज

सगळ्या कामात सर्वाधिक वेळ फ्लँजला द्यावा, कारण गळती होते ती येथूनच. इंजिनाच्या तोंडाशी असलेले दोन स्टड, म्हणजे बाहेर आलेले आट्यांचे खिळे, आठ मिमीचे असतात आणि ते ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवलेले असतात. जुना डबा काढताना नट अडकला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे आणि सकाळी पाना पुढे-मागे हलवत तो हळूहळू सोडवावा. जोर लावून स्टड मोडला तर पुढचा खर्च नळीच्या खर्चाहून मोठा होतो.

साचा घेण्याची सोपी रीत अशी. इंजिनाच्या तोंडावर जाड कागद दाबून धरावा आणि बोटाने कडेकडेने घासावे. काजळी लागलेली असल्यामुळे तोंडाचा गोल आणि पृष्ठभागाची कड कागदावर काळी उमटते, आणि स्टडच्या जागी कागद आपोआप फाटून अचूक भोके पडतात. हा कागद ८ मिमी जाडीच्या पट्टीवर चिकटवून केंद्रबिंदूंवर पंच मारावा. स्टडसाठी ८.५ मिमीची भोके पाडावीत, म्हणजे गरम झाल्यावर फ्लँजला सरकायला थोडी जागा राहते. पट्टी ८ मिमीपेक्षा पातळ घेतली तर वेल्डिंगच्या उष्णतेने ती पन्हाळीसारखी वाकते आणि मग कितीही आवळली तरी धूर सुटतो. मधले मोठे भोक लेथवर करून घेणे सर्वांत चांगले. मिरज-कुपवाडच्या कुठल्याही लेथवर हे काम पंधरा मिनिटांचे आहे. नळी त्या भोकात घट्ट सरकली पाहिजे.

नळी फ्लँजच्या पुढच्या पृष्ठभागापासून २ ते ३ मिमी आत थांबवावी. आतून एक वेल्ड त्या खाचेत भरावा, बाहेरून दुसरा फिरवावा, आणि हे करताना फ्लँज एखाद्या जाड लोखंडी ठोकळ्यावर बोल्टने आवळून ठेवावा. पूर्ण गार होईपर्यंत बोल्ट सोडू नयेत. नंतर सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर फ्लँजचा पृष्ठभाग आठच्या आकड्यात घासावा. सुरुवातीला काही ठिकाणी चकाकी येते आणि काही ठिकाणी काळेपणा तसाच राहतो. जेथे काळे दिसते तेथे खड्डा आहे असे समजावे आणि सगळा पृष्ठभाग एकसारखा चकाकेपर्यंत घासत राहावे. पुतण्याने तिसऱ्या नळीच्या वेळी यावर चाळीस मिनिटे घालवली, आणि त्या नळीच्या गॅस्केटवर, म्हणजे फ्लँज आणि इंजिन यांमधल्या चपट्या पॅकिंगवर, आजपर्यंत काजळीची रेघ दिसलेली नाही.

वाट आखणे आणि बाक देणे

नळी कोठून कशी जाणार हे डोळ्यांनी ठरवू नये. ६ मिमीची सळई घेऊन ती फ्लँजच्या भोकापासून सायलेन्सरच्या ठरलेल्या जागेपर्यंत वाकवत न्यावी. पुठ्ठ्याची नळीच्या व्यासाएवढी चकती कापून, मधोमध भोक पाडून ती या सळईवरून सरकवत नेली, की नळी कोठे अडेल ते लगेच कळते. टाकी, कार्बोरेटर आणि पेट्रोलची रबरी नळी यांच्यापासून किमान चार बोटे अंतर राहावे. साखळी, मागचा टायर आणि ब्रेकची वायर यांनाही धग लागू नये. स्वाराला सीटवर बसवून, पाय फूटरेस्टवर ठेवायला लावून, चकती पुन्हा एकदा फिरवावी. गाडी चालवणारा मुलगा वाढत्या वयाचा असेल तर पुढच्या वर्षी त्याचा गुडघा कोठे येईल याचाही विचार करावा.

बाक देण्याच्या दोन रीती आहेत. पहिली वाळू भरून वाकवण्याची. कृष्णेच्या पात्रातली बारीक वाळू तव्यावर चांगली तापवून पूर्ण कोरडी करावी, कारण वाळूत ओल राहिली तर नळी तापवताना तिची वाफ होते आणि टोकाची लाकडी बूच गोळीसारखी उडते. वाळू थराथराने भरून नळीला लाकडी हातोडीने ठोकत राहावे. ठोकल्यावर पोकळ आवाज येणे बंद झाले की ती नीट भरली असे समजावे. दोन्ही टोकांना बूच ठोकावी, एका बुचेला बारीक आरपार भोक ठेवावे आणि त्या टोकासमोर कोणीही उभे राहू नये. नळीची लांबीतली वेल्डची शिवण बाकाच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला न ठेवता बाजूला ठेवावी, म्हणजे तिच्यावर ओढ कमी येते. लाल रंग चढेपर्यंत तापवून सावकाश वाकवावे आणि बाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी करू नये.

दुसरी रीत तुकड्यांची आहे, आणि भट्टी नसलेल्याला तीच बरी. काटकोनाच्या बाकासाठी सात तुकडे आणि सहा सांधे धरावेत. प्रत्येक सांध्यात १५ अंश वळण हवे असेल तर सांध्याच्या दोन्ही तोंडांवर ७.५ अंशांचा तिरका काप द्यावा लागतो. म्हणून मधल्या पाच तुकड्यांना दोन्ही बाजूंनी आणि टोकाच्या दोन तुकड्यांना एकाच बाजूने काप येतो. कापण्यापूर्वी नळीवर लांबीभर एक सरळ रेघ खडूने ओढून ठेवली नाही तर तुकडे जुळवताना गोंधळ उडतो. प्रत्येक तुकड्याच्या आतली कुसळे गोल कानसेने साफ करावीत. तुकडे मोजमापाने कापले तर या रीतीचा बाक दिसायलाही देखणा होतो.

वेल्डिंग

आर्कने करायचे असेल तर १.६ मिमी जाडीला २ मिमीची ६०१३ जातीची कांडी आणि ४० ते ६० अँपिअरची सेटिंग पुरे. एका दमात गोल फिरवू नये. समोरासमोर चार टाके मारावेत, गाडीवर लावून वाट तपासावी, मग काढून थोडे-थोडे वेल्ड आळीपाळीने विरुद्ध बाजूंना भरावे, म्हणजे नळी ओढली जात नाही.

इंजिनावर लावलेल्या नळीला टाके मारण्याची वेळ आलीच तर पेट्रोलची टाकी आधी उतरवून दूर ठेवावी आणि वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा थेट नळीलाच लावावा. तो चौकटीला लावला तर करंट इंजिनातल्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगवर बारीक खड्डे पडतात. नळी तेलकट असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावी. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या लोखंडावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. काम मोकळ्या हवेत करावे, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चामडी हातमोजे घालावेत. मुले पाहायला जमतात, त्यांना आधीच लांब बसवावे.

सायलेन्सरचा डबा

३,६०० फेऱ्यांवर या एका सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला ३० स्फोट होतात. म्हणजे आवाजाचा गाभा हा ३० हर्ट्झचा खोल ठोका असतो, आणि त्यावर धुराच्या झोताचा तीक्ष्ण सुसाटा चढलेला असतो. लोकर भरलेली छिद्रांची नळी सुसाटा चांगला शोषते, पण ठोका तिला दाद देत नाही. ठोक्यासाठी रिकामा कप्पा लागतो, जेथे धूर एकदम फुगतो आणि दाबाचा धक्का मोडतो. मिरजेचे तंबोऱ्याचे कारागीर भोपळ्याची पोकळी निवडताना तारेचा नाद वाढावा म्हणून जितकी काळजी घेतात, तितकीच काळजी आपण पोकळीत नाद विरावा म्हणून घ्यायची आहे. बाजारातल्या बऱ्याच सरळ 'स्पोर्ट्स' नळ्यांत हा कप्पाच नसतो, आणि म्हणून त्या लांबवर ऐकू येतात.

मी ठरवलेली मापे अशी आहेत. बाहेरची नळी तीन इंच, म्हणजे ७६ मिमी व्यासाची, १.६ मिमी जाडीची आणि ३०० मिमी लांबीची. तिच्या आत सुमारे सव्वा लिटर जागा मिळते, जी इंजिनाच्या घनफळाच्या सहापट आहे. पुढच्या १०० मिमीचा कप्पा रिकामा ठेवायचा. इंजिनाकडून आलेली नळी या कप्प्यात ३० मिमी आत शिरून संपते. मग २ मिमी पत्र्याची गोल आडभिंत, आणि तिच्या मधल्या भोकातून छिद्रांची नळी सुरू होऊन मागच्या झाकणाबाहेर निघते. आडभिंत बाहेरच्या नळीला चारी बाजूंनी नीट टेकली पाहिजे, नाहीतर ती थरथरून डबा पत्र्याच्या ढोलासारखा वाजतो.

छिद्रांची नळी बनवताना पृष्ठभागाचा निदान चौथा हिस्सा उघडा असावा. सव्वा इंची नळीचा परीघ १०० मिमी असतो. २०० मिमी लांबीत २०,००० चौरस मिमी पृष्ठभाग झाला, त्याचा चौथा हिस्सा ५,००० चौरस मिमी, आणि ४ मिमीच्या एका छिद्राचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिमी. म्हणजे ४०० छिद्रे पाडावी लागतात. पहिल्या नळीसाठी आम्ही ती पाडली, त्यात तीन ड्रिल मोडले. दुसऱ्या वेळी एका डंखवाल्याकडे चटणी-हळद कुटण्याच्या यंत्रातली टाकून दिलेली जाड चाळण मिळाली. तिची छिद्रे ३ मिमीची, तिरप्या ओळींत, केंद्रापासून केंद्रापर्यंत ५ मिमी अंतरावर होती. अशा जाळीचा जवळजवळ ३२ टक्के भाग उघडा असतो. गरम पाण्याने धुतली तरी तिच्या भोकांत पिवळी धूळ बसलेली होती आणि पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर अंगणभर जळक्या हळदीचा वास दरवळला. ती १०० मिमी परिघाची गुंडाळून एका शिवणीने जोडली आणि पाऊण तासात काम झाले. मसाल्याची बारीक चाळण मात्र घेऊ नये, तिची भोके काजळीने बुजतात.

लोकर गुंडाळण्यापूर्वी छिद्रांच्या नळीभोवती भांडी घासायच्या स्टेनलेस घासणीचा एक थर द्यावा, म्हणजे झोताने लोकरीचे तंतू उडून जात नाहीत. त्यावर सिरॅमिक वूल किंवा काचेची लोकर, हाताने दाबली तर थोडी दबेल इतकी घट्ट भरावी. लोकर हाताळताना मास्क, चष्मा आणि हातमोजे आवश्यक आहेत. जुन्या कारखान्यांच्या बॉयलरवरून उतरवलेला करडा दोर भंगारात दिसतो. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून तो घरातही आणू नये. मागचे झाकण वेल्ड न करता पाच मिमीच्या तीन स्क्रूंनी बसवावे, कारण लोकर काही काळाने जळते आणि बदलावी लागते.

एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन गार असताना ते डब्यात साचते, म्हणून डब्याच्या सर्वांत खालच्या जागी २ मिमीचे एक भोक ठेवावे.

बाहेरच्या तोंडावर ठिणगी अडवणारी जाळी लावणे आपल्या भागात मी अनिवार्य मानतो. उसाच्या तोडीनंतर रानात पाचट वाळत पडलेले असते आणि काजळीची एक पेटती कणी त्याला पुरते. अमेरिकेच्या वनखात्याच्या कसोटीनुसार अशा जाळीचे छिद्र ०.५८ मिमीपेक्षा मोठे नसावे. ३० नंबरची स्टेनलेस जाळी याच्या जवळपास बसते. जाळी तोंडावर सपाट ताणली तर धुराची वाट निम्म्याने कमी होते, म्हणून तिची बोटाएवढी लांब टोपी शिवावी, म्हणजे धुराला पुरेशी जागा मिळते. महिन्यातून एकदा ती काढून घासावी.

आधार

माझी पहिली नळी बसवल्यापासून नवव्या दिवशी फ्लँजच्या कडेला बरोबर वेल्डच्या बाजूने चिरली. कारण शोधताना असे लक्षात आले की इंजिन रबराच्या तुकड्यांवर बसवले होते, आणि सायलेन्सर मात्र मी चौकटीला घट्ट बांधला होता. इंजिन थरथरत होते, डबा स्थिर होता, आणि त्या दोघांमधली सगळी ओढाताण नळी सोसत होती. तेव्हापासून डब्याचा आधार मी इंजिनाच्याच बोल्टांवरून घेतो. ५ मिमी जाडीची पट्टी इंजिनाच्या पायथ्याच्या बोल्टाखाली धरून डब्यापर्यंत आणावी आणि डब्याला पट्टा घालून आवळावी. डबा हाताने हलवून पाहिला तर सगळे इंजिन हलले पाहिजे, नळी वाकता कामा नये.

डबा नळीवर ४० मिमी सरकवून क्लॅम्पने बसवावा. या सांध्यात वरून येणाऱ्या नळीला चार उभ्या चिरा दिल्या तर क्लॅम्प चांगला आवळतो आणि डबा काढता-घालता येतो.

पायाच्या बाजूला १ मिमी पत्र्याचे कवच नळीपासून १२ मिमी अंतरावर बसवावे. नळीला कापडी हीट रॅप गुंडाळायची प्रथा आहे, पण साध्या लोखंडावर तो पावसाळ्यात ओल धरून ठेवतो आणि नळी आतल्या आत गंजते. त्यापेक्षा ६०० अंश सोसणारा चंदेरी रंग दोन हात द्यावा. भाजलेच तर ती जागा नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. आमच्या घरांत हळद किंवा तूप लावायची सवय आहे. ताज्या भाजण्यावर यांतले काहीही लावू नये, फोड आले तर दवाखान्यात जावे.

पहिली चाचणी

नवे गॅस्केट घालून दोन्ही नट आळीपाळीने आवळावेत. गाडी उघड्यावर न्यावी. बंद शेडमध्ये किंवा पडवीत इंजिन चालवू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. पाच मिनिटे मंद चालवल्यावर रंगाचा आणि तेलाचा धूर निघून जातो. मग बंद करून पूर्ण गार होऊ द्यावी आणि नट पुन्हा एकदा आवळावेत, ते थोडे तरी सैल झालेले असतातच.

गळती शोधण्यासाठी गार इंजिन सुरू करून लगेच सांध्यांवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. जेथे बुडबुडे येतात तेथे वेल्ड पुन्हा भरावा लागतो. थ्रॉटल सोडल्यावर फट्‌फट्‌ असे बार निघत असतील तर फ्लँजमधून बाहेरची हवा आत ओढली जात आहे असे समजावे.

शेवटी प्लग पाहावा. मोकळ्या नळीमुळे इंजिन आधीपेक्षा जास्त हवा घेऊ शकते आणि मिश्रण पातळ होते. पंधरा मिनिटे चढावर चालवून, बंद करून, गार झाल्यावर प्लग काढावा. टोक मातकट तपकिरी असेल तर सगळे ठीक आहे. पांढरेफटक असेल तर कार्बोरेटरचा मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक तोंड, एक पायरी मोठा घालावा, नाहीतर व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळतात. काळी काजळी असेल तर जाळी बुजली नाही ना हे आधी बघावे, जेटला नंतर हात लावावा.

आवाजाची परीक्षा मी अशी घेतो: गाडी रानाच्या मध्यभागी चालवायला लावतो आणि शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन उभा राहतो. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. तिसरी नळी बसवल्यावर शेजारच्या काकूंच्या अंगणात उभे राहून बोलताना आवाज चढवावा लागला नाही. त्या मात्र अजूनही सांगतात की दुपारी एक ते तीन गाडी काढू नका, आणि आम्ही ते पाळतो.